नखाएवढा चेहरा, तोही एका रंगात

प्रश्न : माझी मुलगी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करते. वहीच्या कोपऱ्यात नुसत्या पेन्सिलीनं ती आजीचा नखाएवढा चेहरा काढत बसते. घरचे म्हणतात, मोठं काढ, रंग भर. अशा बिनरंगी इवल्याशा चित्रांची खरंच कला असते का?
— एक वाचक, कवठे येमाई (ता. शिरूर)

उत्तर : असते, आणि चांगली जुनी. अकबर-जहांगीरच्या चित्रशाळांत ‘नीम कलम’ नावाचा प्रकार होता. काळ्या शाईची रेघ, वर पातळ शाईचा हलका हात, क्वचित सोन्याची रेषा, बास! घोटून गुळगुळीत केलेला कागद आणि खारीच्या शेपटीच्या केसांची कलम. गालाची गोलाई रंग फासून येत नसे. जवळजवळ कोरड्या कलमेनं बारीक ठिपके आणि रेघोट्या एकमेकींशेजारी ठेवत जायचं. याला ‘परदाज’ म्हणतात. भिंगाखाली ठिपके दिसतात, हातभर अंतरावरून गाल.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये डेव्हिड लॉगन, रॉबर्ट व्हाइट हे पातळ कातड्यावर शिसपेन्सिलीच्या ग्रॅफाइटनं तळहातात मावतील अशी व्यक्तिचित्रं काढत. दोघेही मुळात तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे, त्यामुळे काळ्या-पांढऱ्यात विचार करायची सवय हाडीमाशी मुरलेली.

आपल्या पुण्याचंच सांगायचं तर स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स सवाई माधवरावांच्या दरबारी आला. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या खटपटीनं शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथं तयार झालेल्या गंगाराम तांबटांची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती काटेकोर अर्थानं लघुचित्रं नव्हेत, पण नुसत्या रेघेवर पुण्याच्या माणसाचा हात किती बसला होता ते त्यांत दिसतं.

घरच्यांना एवढंच सांगा : रंगीत चित्रात शेला, कंठी, पगडी नजर ओढून घेतात, चेहरा थोडा फसला तरी खपून जातो. एकरंगी चित्रात ती सोय नाही. कपाळावरचा उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तिथं एकदा हात लागला की खोडरबरानंही पहिला पांढरा परत येत नाही. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जावं, बुबुळातला काळा ठिपका अगदी शेवटी. पेन्सिलीचं टोक सारखं तासावं. डोळे किलकिले करून पाहिलं की कुठे सावली कमी पडली ते कळतं.

परीक्षेत मात्र रंगकामालाही गुण असतात. तिथं तिनं मुकाट रंग भरावेत!