काटकसर : घराची आणि गावाची

थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आटतेही. विडी-तंबाखूवर दररोज २० रुपये गेले, तर वर्षाकाठी ७,३०० रुपये खर्ची पडतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे अवर्षणप्रवण गाव एकेकाळी दारूभट्ट्यांनी ग्रासलेले होते. १९७५ मध्ये गावी परतलेले श्री. अण्णा हजारे यांच्या प्रेरणेने ग्रामस्थांनी भट्ट्या बंद केल्या, विडी-तंबाखूची होळी केली आणि सामुदायिक विवाहांद्वारे लग्नखर्चास आळा घातला. धान्य बँकेतून गरजूंना उसने धान्य मिळू लागले. एकट्याचा निग्रह ढळू शकतो. गावाने एकमुखाने केलेला निश्चय त्याला आधार देतो. म्हणूनच ग्रामसभेने अनावश्यक खर्चाची यादी करून काटकसरीचा आरंभ करावा.