हेतू नव्हता, तरी रक्ताची जबाबदारी

१३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जीव गेले. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, हा फलक सुमारे १२० फुटांचा. जागा रेल्वे पोलिसांची होती, पालिकेची परवानगी नव्हती. गुन्हा नोंदला गेला तो सदोष मनुष्यवधाचा, कलम ३०४ खाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे: ज्याला कोणाचाही जीव घ्यायचा नव्हता, त्याच्या माथी मृत्यू कसा येतो?

सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठीही दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. म्हणजे हेतू नसल्याने किसास टळतो, जबाबदारी टळत नाही. हनफी फुकहांनी यापुढे जाऊन 'कत्ल बिस्सबब' हा स्वतंत्र प्रकार मानला. सार्वजनिक रस्त्यात विनापरवाना विहीर खणली आणि वाटसरू पडून मेला, तर खणणाऱ्याच्या पक्षाला दियत द्यावी लागते. कफ्फारा मात्र नाही, कारण त्याने स्वहस्ते मारलेले नाही. इमाम शाफई यांच्या मते कफ्फाराही आहे. आपल्या कोकणी कुटुंबांनी हे ध्यानात घ्यावे.

बाराव्या शतकातील 'हिदाया' या ग्रंथात रस्त्याकडे झुकलेल्या भिंतीची चर्चा आहे. भिंत नंतर कलली असेल, तर मालकाला ती पाडण्यास सांगितले गेले होते काय आणि तेवढा अवधी मिळाला होता काय, हे पाहिले जाते. मुळातच कललेली बांधली असेल, तर सूचनेचीही गरज नाही; बांधणे हीच आगळीक. छेडानगरच्या फलकाशी हे किती जुळते पाहा!

दरोड्याचा मसला अधिक कठोर आहे. पाच वा अधिक जणांनी दरोडा घालताना एकाने खून केला, तर कलम ३९६ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१०) सर्वच जबाबदार ठरतात. हनफी मतही हेच: बाकीचे पाठीशी उभे होते म्हणूनच त्याचा हात उठला. शाफई मतानुसार मृत्युदंड मारणाऱ्यालाच, साथीदारांना ताजीर. "मी तर फक्त मोटारसायकल चालवीत होतो" असे म्हणणाऱ्या तरुणाला शाफई मतात जीवदान आहे, निर्दोषत्व नाही.

आपल्या देशात दियत न्यायालयातून वसूल होत नाही, म्हणून हा अध्याय केवळ मदरशातला समजू नये. दुकानावरची गंजलेली पाटी, चाळीत चढविलेला विनापरवाना मजला, रस्त्यावर झुकलेली गॅलरी हे सारे त्याच भिंतीच्या प्रकरणात येते. आणि ती भिंत पाडा, असे सांगण्याचा हक्क फुकहांनी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिला आहे, मग तो मुस्लिम असो वा नसो.