वायपरखालची चिठ्ठी

नोव्हेंबरातल्या एका रिमझिमत्या संध्याकाळी श्टुटगार्टमधल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना प्रस्तुत लेखकाने शेजारच्या करड्या गाडीचा बंपर घासला. ओरखडा जेमतेम वीतभर. पुण्यात असता तर दोन्ही बाजूंनी चार शब्द ऐकवले असते, कुणीतरी बोट ओलं करून डाग पुसून पाहिला असता आणि मंडळी आपापल्या वाटेला लागली असती. इथे मालकाचाच पत्ता नव्हता. दहा मिनिटं थांबून लेखकाने मॅक्सम्युलर भवनात शिकलेल्या जर्मनमध्ये चिठ्ठी लिहिली: माफी, नाव, फोन नंबर. शाई फुटू नये म्हणून ती भाजीच्या पातळ पिशवीत घालून त्या गाडीच्या वायपरखाली अडकवली आणि स्वतःच्या सचोटीवर बेहद्द खूश होत तो घरी आला. त्या खुशीत आल्याचा चहासुद्धा झाला.

चौथ्या दिवशी दारात पोलीस.

कुणा पाहणाऱ्याने गाडीचा नंबर टिपून कळवला होता. आरोप ओरखड्याचा नव्हताच. अपघाताच्या जागेवरून पळून गेल्याचा होता. ‘चिठ्ठी ठेवून आलास? अरे, एकशे दहाला फोन करायचा होतास की!’ वीस वर्षं तिथे काढलेले एक नगरकर सहकारी कपाळावर हात मारत म्हणाले. जर्मन दंडसंहितेच्या कलम १४२ नुसार हा फौजदारी गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. चिठ्ठी उडते, भिजते, कुणी काढूनही नेतं, म्हणून कायदा ती पुरेशी मानत नाही. समोरचा येईपर्यंत परिस्थितीला साजेसा वेळ थांबायचं आणि तो नाहीच आला तर विनाविलंब त्याला किंवा पोलिसांना कळवायचं. किती मिनिटं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे लगेच पोलिसांना फोन लावणं हाच सुरक्षित मार्ग. पार्किंग दुकानाच्या मालकीचं असलं तरी ते सगळ्यांना खुलं, म्हणून नियम रस्त्याचेच. उभ्या गाडीचं किरकोळ नुकसान असेल आणि पोलीस आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी २४ तासांच्या आत आपण होऊन कळवलं, तर न्यायालय शिक्षा सौम्य किंवा माफ करू शकतं. लेखक त्या २४ तासांत चहा पीत होता.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. म्हणजे चाकण-पिंपरीकडून तिकडे जाणाऱ्यांची संख्या वाढणारच, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बॅगेत आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट असणार. त्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते. लेखकही त्या छापील वर्षावर विसंबून होता. परमिट हे मूळ लायसन्सचं भाषांतर, त्याहून जास्त काही नाही. जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिन्यांनी भारतीय लायसन्स तिथे चालेनासं होतं. मुक्काम वर्षभराच्या आतच संपणार हे दाखवता आलं, तरच मुदत वाढते. मुदत संपल्यावर स्टिअरिंगला हात लावला तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा. लेखकाला हे साडेपाचव्या महिन्यात, एका गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना कळलं. बाप्पाची कृपा म्हणायची.

काही देशांची लायसन्सं नुसती बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग. सक्तीच्या तासिका माफ होतात, पण प्रत्यक्ष परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच जावं लागतं. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, भारतीय भाषांतून नाही. प्रश्न ३०, चुकांचे गुण १० पर्यंत चालतात. पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. लेखकाचे नेमके तेच दोन चुकले, आणि दोन्ही एकाच नियमावरचे: पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. तो बोळातून सायकलवर येत असला तरी. मोठी गाडी ती पुढे, हा आपल्याकडचा अलिखित कायदा अंगात इतका मुरलेला की पाय ब्रेककडे वळायलाच तयार नव्हता. प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्या खेपेला घात केला तो मानेने. लेन बदलताना नुसता आरसा पाहून भागत नाही, खांद्यावरून मागे नजर टाकावी लागते, आणि ती टाकल्याचं परीक्षकाला दिसावंही लागतं.

गाडी घेतल्यावर विमा. भारतातला नो-क्लेम बोनस तिथे सहसा धरत नाहीत, त्यामुळे वीस वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरलाही हप्ता नवशिक्यासारखा बसतो. पण खरी गोम पुढे आहे: आपण जागेवरून निघून गेलेलो असलो, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर ते पैसे आपल्याकडून वसूल करू शकते. टायरचीही एक गोम आहे. बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर नसले तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहतूक नोंदवहीत एक दोषगुण. असे आठ दोषगुण साठले की लायसन्स जातं. पहिला बर्फ पडल्यावर टायर बदलायला जाणाऱ्याला गॅरेजवाला दोन आठवड्यांनंतरची तारीख देतो, म्हणून तिथले लोक ऑक्टोबरातच नंबर लावतात.

करड्या गाडीच्या बाईंना चिठ्ठी मिळाली होती आणि त्यांनी ती पोलिसांकडे दिली होती. तीच थोडीफार कामी आली. ठरलेली रक्कम भरल्यावर खटला उभा न राहता प्रकरण बंद झालं. वकिलाने मागवलेल्या फाईलमध्ये त्या चिठ्ठीची प्रत निघाली. तिच्यातलं एक विभक्तीचं रूप कुणीतरी पेन्सिलीने दुरुस्त केलेलं होतं.