वणवा कसा पसरतो

मीरा रोड येथील पूनम सागर वसाहतीच्या पूर्वेकडे जे डोंगर आहेत, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानाचे होत. हें रान सुमारें 103 चौरस किलोमीटरांचें आहे. त्यास लागून, गोरेगांवच्या पूर्वेकडील डोंगरावर, 3 डिसेंबर 2018 रोजीं संध्याकाळीं मोठा वणवा लागला. डिसेंबर महिना उन्हाळ्याचा नव्हे; मग रान पेटलें कसें? वणव्यास कडक उन्हापेक्षां वाळलेल्या सरपणाची गरज अधिक, आणि पावसाळ्यांत वाढलेलें गवत दिवाळीनंतर वाळूं लागतें. पुढें माघ-फाल्गुनांत झाडें पानें गाळतात, तेव्हां पाचोळ्याची भर पडते.

सर्व सरपण सारखें जळत नाहीं. गवताची काडी बारीक. तिला चोहोंकडून हवा लागते, म्हणून ती क्षणांत पेटते व क्षणांत राख होते. अशी आग धांवते फार, पण उघडी रुंद वाट आडवी आली कीं बहुधा थांबते. सागाचें पान वाळून मुरडलें म्हणजे पानापानांत पोकळी राहते, व पाचोळ्याचा थर गवताहून सावकाश पण अधिक वेळ जळतो. पडलेला ओंडका लवकर पेटत नाहीं. परंतु पेटल्यावर कित्येक दिवस धुमसतो. आग विझली असें समजून लोक घरीं जातात, आणि वारा सुटला कीं तेथूनच ठिणगी उडते. बांबूचीं पेरें बंद असल्यानें आंतील हवा तापून तीं मोठ्या आवाजानें फुटतात.

हिमालयांतील चिडाच्या रानांत राळेमुळें आग शेंड्यापर्यंत चढूं शकते. आपल्या पानगळीच्या रानांत ती बहुधा जमिनीलगत चालते. मोठीं झाडें वांचतात, आणि रानाचें कांहीं बिघडलें नाहीं असें पाहणारास वाटतें. पण गुडघाभर उंचीचीं रोपें गेलेलीं असतात. जुन्या झाडांची जागा घेण्यास कोणी उरत नाहीं.

चढावर आग वेगानें जाते, कारण ज्वाळा वरच्या गवतास आधींच तापवून वाळवितात. त्यांत दुपारीं समुद्राकडील वारा याच डोंगरांकडे वाहतो. म्हणून पायथ्याशीं दुपारीं राब भाजणें सर्वांत घातक. तें काम वारा पडलेला असतां पहांटे करावें, व राख थंड होईपर्यंत तेथून हलूं नये. सरपणास गेलेल्या बायकामुलांस खालून धूर दिसल्यास त्यांनीं चढावर पळूं नये. बाजूस सरून उघड्या खडकावर किंवा जळून थंड झालेल्या काळ्या जमिनीवर जावें.

वन खातें वणव्याच्या दिवसांपूर्वीं गवत काढून जमिनीचा पट्टा मोकळा करितें, त्यास जाळरेषा म्हणतात. फाल्गुनाच्या वाऱ्यानें त्यावर पुन्हा पाचोळा साचतो, आणि साचला कीं रेषा असून नसल्यासारखीच. म्हणून ती एकदां करून भागत नाहीं, वारंवार झाडावी लागते.