नंदनवनात डबा सुरू करताय? आधी घरचा फ्रीझर कामाला लावा



केडीके कॉलेजच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना डबा लागतोच. म्हणून नंदनवनात हा व्यवसाय सुरू करावा असं बऱ्याच जणींना वाटतं. अडतं ते सकाळच्या घाईत. सातला कांदा चिरायला घेतला तर साडेनऊला डबा निघणार कसा? इथे फ्रीझर मदतीला येतो. नियम एकच: फ्रीझरमध्ये तयार जेवण नाही, तयारी ठेवायची.

काय ठेवायचं?
भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसूण पेस्ट, टोमॅटोची प्युरी. एका वेळेला लागेल तेवढंच पाकिटात भरून चपटं करा. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि लवकर सुटतं. हिवाळ्यात मटार आणि तुरीचे सोले घ्या. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, कोरडे करा, मग भरा. रंग आणि चव टिकते.

काय नाही?
बटाट्याचा रस्सा, दही, काकडी. बटाटा भुसभुशीत होतो, दही फाटतं, काकडी लिबलिबीत होते.

हिशेब करा
समजा, जानेवारीत मटारच्या शेंगा ३० रुपये किलोने मिळाल्या. साधारण निम्मे दाणे निघतात, म्हणजे दाणे पडले ६० रुपये किलो. त्यात सोलायची मेहनत आणि वीज धरा. उन्हाळ्यातल्या भावापेक्षा हे स्वस्त पडत असेल तरच साठवा. फ्रीझरमध्ये पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल. म्हणून प्रत्येक पाकिटावर नाव आणि तारीख लिहा, आणि जुनं आधी वापरा.

इथे चूक परवडत नाही
फ्रीझरचं तापमान उणे १८ अंश हवं. छोटा थर्मामीटर ठेवून बघा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. अशा वेळी शिजवलेलं वाटण तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. परातीत पसरून पटकन थंड करा आणि आत टाका. सकाळी लागणारं पाकीट रात्रीच खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर नको. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नका. लाईट गेली तर दार उघडू नका. माल सुटून कोमट झाला असेल तर सरळ फेका. दोनशे रुपयांचं वाटण वाचवायला गेलात आणि एका मुलाचं पोट बिघडलं, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या होस्टेलला कळतं.

आणि हो, घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच.

या आठवड्याचा गृहपाठ: नवा डीप फ्रीझर घ्यायची घाई नको. आहे त्याच फ्रीझरमध्ये पाच दिवसांचं वाटण ठेवा आणि सकाळची किती मिनिटं वाचली ते वहीत लिहा. तो आकडाच तुम्हाला सांगेल, अजून किती डबे झेपतील!