निमंत्रणाचा आग्रह : निदान आणि उपचार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी आजार आणि औषधे यांवर लेख असतात. या वर्षी ज्या त्रासाविषयी लिहावयाचे आहे, त्याची नोंद वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तरीही ज्यांच्या घरी मुलामुलींची लग्ने निघाली, अशा बहुतेक सभासदांनी तो भोगलेला आहे. लग्न ठरल्याची बातमी फुटते आणि दुसऱ्या दिवसापासून माणसे विचारू लागतात, "आमची पत्रिका कुठे आहे?" काही जण हसत विचारतात, काही हक्काने, तर काही जण आपल्या सोबत आणखी चार कुटुंबांची नावे पुढे करतात. ज्यांचे लग्न आहे ती दोघे मात्र कोपऱ्यात बसून वाढत जाणारी यादी पाहत राहतात.

आपल्या इंदूरमध्ये हा त्रास दुहेरी आहे. पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीपुढे ठेवून घरी परतावे, तो शेजारी वाट पाहत असतात. मराठी घरांतील अगत्य आणि मानपान आपण पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यात माळव्यातील 'व्यवहार' मिसळला. कोणी कोणाच्या लग्नात किती पाकीट दिले, याची वही येथे घरोघरी असते. डॉक्टरांच्या बाबतीत तर रुग्णही भर घालतात. मी बालरोगतज्ज्ञ आहे. ज्यांना लहानपणी लस टोचली, त्यांची मुले आता माझ्याकडे लसीकरणासाठी येतात. "डॉक्टर साब, मिठाई कब खिला रहे हो?" हा प्रश्न तपासणीच्या खोलीत दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो.

स्वतःची चूक

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्या मुलीचे लग्न झाले. तिने व जावयांनी मिळून दोनशे माणसांची यादी केली होती. ती यादी मी स्वतः वाढवीत नेली. कोणी विचारले की मी "बघतो" म्हणत असे. "बघतो" म्हटले की समोरचा चार दिवसांनी पुन्हा विचारी आणि तिसऱ्या वेळी मी पत्रिका देत असे. दोनशेचे सातशे झाले. मुलीने एकदाच म्हटले, "बाबा, यातले अर्धे लोक मला ओळखतही नाहीत." मी तिला व्यवहार समजावून सांगितला.

स्वागतसमारंभाच्या संध्याकाळी सुमारे अडीचशे कुटुंबे मंचावर येऊन गेली. एका कुटुंबास पाऊण मिनिट धरले, तरी तीन तासांहून अधिक वेळ होतो. माझ्या सासूबाई, वय वर्षे ८४, ग्वाल्हेरहून आल्या होत्या. नातीजवळ चार घटका बसावे म्हणून त्या पहिल्या रांगेत वाट पाहत होत्या. साडेनऊच्या सुमारास त्यांना थकवा आला, म्हणून त्यांना घरी नेले. अकरा वाजता मुलगी मंचावरून खाली उतरली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी कुठे आहे?"

त्याच वर्षी दिवाळीपूर्वी सासूबाई गेल्या. लग्नाच्या अल्बममध्ये साडेतीनशे छायाचित्रे आहेत. मला ज्यांची नावे आठवत नाहीत, अशा कितीतरी लोकांची आहेत. आजी आणि नात यांचे त्या संध्याकाळचे एकही नाही. ज्यांना दुखवू नये म्हणून मी यादी वाढविली, त्यांपैकी कोणाला ते लग्न आज आठवत असेल असे वाटत नाही.

लग्नाला माणसे किती लागतात?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. कर्ज काढून केलेल्या थाटामाटाला तो विरोध होता. विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार पुरतात. म्हणजे चौथ्या माणसापासून पुढचे सारे आपल्या हौसेचे आणि प्रेमाचे असतात. हौस वाईट नाही; पण ती कोणाची, हे विचारले पाहिजे.

मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात केंद्र सरकारने लग्नास पन्नास पाहुण्यांची मर्यादा घातली. त्या काळात ओळखीच्यांची अनेक लग्ने आमच्याशिवाय पार पडली. आम्ही रुसलो नाही आणि कोणी रुसल्याचे ऐकिवातही आले नाही. यातून मला एक गोष्ट उमगली. माणसाला न बोलावल्याचे दुःख थोडे असते. 'त्याला बोलावले आणि मला नाही', हे दुःख मोठे असते. नियम सर्वांना सारखा असला की मन लवकर शांत होते.

निदान : आग्रहाचे चार प्रकार

उपचारापूर्वी निदान हवे. निमंत्रण मागणारे सगळे एका जातीचे नसतात.

पहिला प्रकार मायेचा. ज्यांनी मुलाला अंगाखांद्यावर खेळविले, शिकविले, आजारपणात जागून काढले, अशी ही माणसे. ती फारशी मागतही नाहीत. मागितलेच तर संकोचाने मागतात.

दुसरा प्रकार देण्याघेण्याचा. "आम्ही तुमच्या मुलीला आहेर केला होता" हे वाक्य यात प्रत्यक्ष किंवा आडून येते. येथे माणूस आपला हिशेब पुरा करू पाहतो. त्याची भावना खोटी नसते. परंतु ती वधूवरांशी निगडित नसते.

तिसरा प्रकार मानपानाचा. "एवढ्या वर्षांचा संबंध, आणि आम्हांला साधी पत्रिका नाही!" याला भोजनात रस नसतो, पत्रिकेवर लिहिलेल्या स्वतःच्या नावात असतो.

चौथा प्रकार मध्यस्थांचा. आत्या म्हणतात, माझ्या जावेच्या माहेरच्यांना बोलवा. मित्र म्हणतो, आमचे साहेब नाराज होतील. येथे मागणारा दुसऱ्याच्या वतीने मागतो. पत्रिकेवरील 'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्द ध्यानात घेतले, तर अशा पन्नास पत्रिकांची दोनशे पाने होतात.

उपचार

मुलांचे हट्ट हा माझा रोजचा विषय. दुकानात चॉकलेटसाठी मूल रडते. आई तीनदा नाही म्हणते आणि चौथ्यांदा देते. मूल त्यातून काय शिकते? चार वेळा रडावे. बी. एफ. स्किनर यांनी चार्ल्स फर्स्टर यांच्यासह १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा प्रयोगांनी मांडला आहे : अधूनमधून फळ मिळणारी सवय सर्वांत चिवट असते. शिवाय फळ मिळणे बंद झाले की मागणी मावळण्यापूर्वी एकदा उसळते. पालक नेमके तेव्हाच खचतात. मोठी माणसे म्हणजे मुले नव्हेत. पण माझ्या "बघतो"ने मी इंदुरातील निम्म्या परिचितांना हीच सवय लावली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये मुलाचे लग्न झाले, तेव्हा आम्ही पुढील गोष्टी पाळल्या.

एक, यादी मुलाने आणि सुनेने केली. दोन्ही घरच्या आईवडिलांना प्रत्येकी दहा नावे सुचविण्याची मुभा होती. एकूण संख्या एकशे दहा ठरली आणि ती ठरल्यावरच लग्नाची बातमी बाहेर सांगितली. आधी बातमी आणि मग यादी, हा क्रम उलटा केल्याने निम्मा त्रास टळतो.

दोन, रेषा माणसावरून आखली नाही, नात्यावरून आखली. चुलत, मामे, आते, मावस भावंडे आली. त्यापलीकडचे कोणी नाही. माझ्या व्यवसायातील कोणीच नाही. दहा डॉक्टरांना बोलावून अकराव्यास वगळणे हा अपमान आहे. एकालाही न बोलावणे हा नियम आहे.

तीन, उत्तर लवकर, थोडक्यात आणि सर्वांना सारखे दिले : "या वेळी लग्न अगदी थोडक्या माणसांत करायचे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले आहे. तुमचे आशीर्वाद मात्र हवेत." कारणे दिली नाहीत. कारण दिले की वाटाघाटीला तोंड फुटते. "कार्यालय लहान आहे" म्हणावे, तर समोरचा मोठे कार्यालय मिळवून देतो. त्याची तेथे ओळख असते. "फक्त घरचेच" असे खोटेही बोलू नये. छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सर्वांच्या भ्रमणध्वनीवर असतात.

चार, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, दोष मुलांवर ढकलला नाही. "काय करणार, हल्लीची मुले ऐकत नाहीत हो!" असे म्हणून पुष्कळ वडील स्वतःची सुटका करून घेतात. ऐकणारा त्याचा अर्थ 'नव्या सुनेने ठरवले' असा लावतो. ती घरात पाऊल टाकण्यापूर्वीच तिच्या नावे एक तक्रार जमा होते. ठरवायचे मुलांनी, पण नकाराचा वाईटपणा घ्यायचा वडीलधाऱ्यांनी, अशी ही वाटणी आहे. "आम्ही" हा शब्द येथे औषधासारखा काम करतो.

पाच, मायेच्या माणसांना दुसरी वाट ठेवली. आपल्याकडे केळवणाची पद्धत आहेच. दहाबारा माणसांच्या पंगतीत जेवढ्या गप्पा होतात, तेवढ्या सातशेच्या समारंभात होत नाहीत. लग्नानंतर मुलगा व सून पेढे घेऊन सात घरी जोडीने नमस्काराला गेली. सातच, कारण ही यादीही वाढू दिली, तर तोच आजार परत येतो.

दोन जण रागावले. त्यांपैकी एक जण पहिल्या नकारानंतर दोनदा फोन करून अधिक जोराने बोलले. त्यांना तिन्ही वेळा तेच उत्तर मिळाले. संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन आले.

निदानातील एक चूक

सर्व काही बिनचूक झाले असे मात्र नाही. आमच्या दवाखान्यात बावीस वर्षे काम करून निवृत्त झालेल्या एक मावशी आहेत. माझी दोन्ही मुले शाळेतून थेट दवाखान्यात येत आणि मावशींच्या डब्यातली पोळी खात. एका सकाळी त्या आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दादाच्या लग्नाला मी येऊ ना?" मी सवयीने ठरलेले वाक्य बोलून गेलो. त्या "बरं, बरं" म्हणाल्या आणि माझ्या पत्नीची चौकशी करून परत गेल्या.

रात्री जेवताना मी हे सहज सांगितले. मुलाने घास खाली ठेवला. "बाबा, मावशींना नाही म्हणालात?" त्यांचे नाव त्याच्या यादीत पहिल्या दहात होते. पत्रिका द्यायला तो स्वतः जाणार होता. मी यादी नीट वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो आणि होणारी सून मावशींच्या घरी अक्षता घेऊन गेली. लग्नात मावशी मुलाच्या शेजारी पंगतीला बसल्या.

त्या दिवसापासून मी मित्रांना सांगतो की नकार देणाऱ्याने यादी पाठ करावी आणि कोणी काय विचारले, हे रोज मुलांच्या कानावर घालावे. कानावर घालावे, गळी उतरवू नये. नियम आपण सांभाळावा आणि अपवाद करण्याचा अधिकार मुलांकडे ठेवावा. मायेचा आग्रह कोणता आणि मानाचा कोणता, हे आपल्यापेक्षा त्यांना पुष्कळदा चांगले कळते.

पथ्य : मागणाऱ्याचे

हा लेख वाचणारे आपण सर्व कधी यजमान असतो, तर कधी पाहुणे. म्हणून पथ्य दुसऱ्या बाजूनेही हवे. लग्न ठरल्याचे कळले की "अभिनंदन" म्हणावे आणि थांबावे; पत्रिकेचा विषय काढू नये, थट्टेनेही काढू नये. संकोची माणसाला थट्टा हीच तगादा वाटते. आपण दिलेला आहेर विसरून जावा. तो त्या वेळच्या आनंदासाठी होता. आणि दुसऱ्याच्या निमंत्रणासाठी रदबदली कधीच करू नये.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या सहाध्यायाच्या मुलीचे लग्न झाले. आम्हांला पत्रिका आली नाही. इतके सगळे शिकूनही मनात खुट्ट झाले, हे कबूल केले पाहिजे. दोन दिवस मी स्वतःशीच हिशेब मांडत होतो. मग त्याला फोन लावला आणि मुलगी व जावयांना आशीर्वाद सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "अरे, तुला बोलावता आले नाही, हे मनाला लागून राहिले होते. तू फोन केलास, बरे वाटले."

आम्ही अर्धा तास बोललो. सातशे माणसांच्या रांगेत उभा राहिलो असतो, तर माझ्या वाट्याला पाऊण मिनिट आले असते.