मुखगत मेदज ग्रंथी : निदानातील सावधता

खानदेशात तंबाखू व गुटख्याचे व्यसन सर्वत्र दिसते (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे टपऱ्यांना कोणी सांगावे!). त्यामुळे मुखात गाठ दिसताच रुग्ण कर्करोगाच्या भीतीने खचतो, किंवा त्याच भीतीने तपासणी टाळतो. अशा गाठींत क्वचित एक सौम्य व्याधी आढळतो, तो म्हणजे मेदपेशींचा लायपोमा.

पाठ, मान, खांदा येथे तो आपण नेहमी पाहतो. मुखातील सौम्य अर्बुदांत मात्र त्याचे प्रमाण अवघे १ ते ४ टक्के आहे. बहुधा चाळिशीनंतर, गालाच्या आतील बाजूस मृदू, वेदनारहित, पिवळसर झाक असलेली गाठ येते व वर्षानुवर्षे मंदगतीने वाढते. जबड्याच्या अस्थीतील लायपोमा त्याहूनही दुर्मिळ.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात मेदज ग्रंथी स्निग्ध व मोठी वर्णिली असून, शरीरासवे ती वाढते व घटते असे म्हटले आहे. लायपोमा मात्र रुग्ण कृश झाला तरी सहसा घटत नाही. दोहोंना सरसकट एक मानणे मला घाईचे वाटते.

ही घाई मीही केली आहे. काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक शेतकरी गालातील गाठ घेऊन आले. मी तीन महिने कांचनार गुग्गुळ दिला. गाठ तसूभरही कमी झाली नाही; उलट दाताखाली येऊ लागली. अखेर धुळ्यास पाठविले. स्थानिक भूल देऊन ती समूळ काढली गेली. फॉर्मालिनमध्ये ती तरंगली, तेव्हाच मेदाची शंका आली. बायोप्सीत लायपोमा निश्चित झाला. रुग्ण बरा झाला, यात माझ्या औषधाचे श्रेय नाही. ती गाठ लाळग्रंथीचे दुष्ट अर्बुद किंवा लायपोसार्कोमा असती, तर ते तीन महिने महागात पडले असते. अर्बुद निःशेष काढावे, अन्यथा पुन्हा वाढते, हे सुश्रुतांनीच चिकित्सास्थानात बजावले आहे. तेव्हा शल्यकर्मासाठी रुग्ण पाठविण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही.

औषधी विक्रेत्यांनीही ‘गाठीवर काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यास गुग्गुळाची डबी देण्यापूर्वी मुखात पाहणाऱ्या वैद्याकडे वा दंतवैद्याकडे पाठवावे. गाठ कठीण, स्थिर वा वेगाने वाढणारी असेल, तेथे बधिरता असेल, दात हलत असतील, मानेत गाठी असतील किंवा दोन आठवड्यांहून जुना व्रण असेल, तर एक दिवसही दवडू नये. धुळे व जळगाव, दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रुग्णास चिठ्ठी देऊन त्याच दिवशी तेथे पाठवावे.